अक्का, शेवटचा परिच्छेद ठेवलाय

अक्का,

पद्माचा फोन आला तेव्हा मी रात्रपाळी करून नुकताच घरी आलो होतो. हातपाय धुऊन चहाला बसलो होतो. मोबाइलवर तुमच्या भाचीचं नाव दिसलं आणि उचलायच्या आधीच कळलं. पद्मा फार काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. फोन ठेवल्यावर माझी बायको शबाना समोर उभी होती. काय झालं, असं तिनं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अक्का सुटल्या."

'गेल्या' म्हणायचं होतं. पण 'सुटल्या' आलं, आणि आल्यावर ते बदलावंसं वाटलं नाही. शेवटच्या महिन्यांत तुम्हाला या कुशीवरून त्या कुशीवर वळवायला दोघी लागायच्या. वळताना तुम्ही ओठ दाबून धरायचात, पण आवाज काढायचा नाहीत. ते मी पाहिलं होतं. म्हणून चहाचा कप तसाच हातात धरून मी बसलो, आणि छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं मला हलकं वाटलं. रडू नंतर आलं. एसटीत, कराडच्या अलीकडं.

जवळचं माणूस गेल्यावर आधी हायसं वाटतं, हे चारचौघांत सांगायची सोय नाही. तुम्हाला सांगतो. तुम्हाला असल्या लेखांची चीड होती हे मला माहीत आहे. गेलेल्या माणसावर लिहायला बसलेला लेखक दुसऱ्या पानावर स्वतःवर लिहायला लागतो, असं तुम्ही म्हणायचात. कुणीतरी कुणाला तरी 'ऋषितुल्य' म्हटलं होतं, तो शब्द तुम्ही कापला आणि मला विचारलंत, "यानं कधी ऋषी पाहिलाय का?" तेव्हा ऋषी वगैरे काही लिहीत नाही. आपल्यात जे झालं ते लिहितो. त्यात मी येणारच. त्याला इलाज नाही.

पहिला फोन तुमचाच होता. मी तेव्हा शिरवळला कंपनीत लागून काही वर्षं झाली होती. क्वालिटीत होतो, अजून आहे. लोखंडाचे सुटे भाग हातात घेऊन त्यात चीर आहे का बघायचं, हे माझं काम. पाळीतून वेळ काढून एक कादंबरी लिहिली होती आणि सांगलीच्या एका प्रकाशकाकडं पाठवली होती. तुम्ही त्यांच्यासाठी पुस्तकं बघता हे मला माहीत नव्हतं. फोनवर तुम्ही नाव विचारलंत, आणि मग म्हणालात, "तुमची कादंबरी अर्धी वाचली. उरलेली वाचायची का नाही, ते तुम्ही आल्यावर ठरवू."

मी माधवनगरला आलो. बंद पडलेल्या मिलच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर तुमच्या दोन खोल्या. खिडकीशी टेबल, टेबलावर माझे कागद आणि एक साधी पेन्सिल. तांबडी शाई तुम्ही कधी वापरली नाही. लेखकाला आपलं खोडलेलं पुन्हा खोडता आलं पाहिजे, असं तुमचं म्हणणं. त्या दिवशी तुम्ही सरळ आईच्या प्रकरणावर आलात. माझ्या कादंबरीतली आई मुलाला म्हणते, 'बाळा, तुझ्या शिक्षणासाठी मी माझे सर्वस्व अर्पण करीन.' तुम्ही ते वाक्य सपाट आवाजात वाचलंत. वाचून चष्मा काढलात.

"ही बाई कोण?"

"माझी आई."

"घरात अशी बोलते?"

मी नाही म्हणालो. मग सांगितलं की अम्मा घरात दखनी बोलते, बाहेर गावासारखं मराठी. तुम्ही म्हणालात, तसं लिहा. मी म्हणालो, लोक हसतील.

"कोण हसेल? नाव सांगा."

नाव सांगता येईना. पण मला सगळं आठवत होतं. सिनेमातला मुसलमान तोंड उघडतो आणि थिएटर हसतं. शाळेत मी 'मेरेकू' म्हणालो तेव्हा अख्खा वर्ग हसला होता, मास्तरही हसले होते. त्या दिवसापासून मी शुद्ध मराठी घोकलं होतं, शब्दकोश घेऊन. आणि तुम्ही म्हणत होतात, ते सगळं टाका. मला वाटलं, या बाईला माझ्याकडून गंमत पाहिजे. मी कागद गोळा करायला लागलो.

तुम्ही अडवलं नाहीत. फक्त खिडकीतून बाहेर बघितलंत आणि म्हणालात, उठा, जेवायला बसू. मला भूक नव्हती, तसं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तुम्हाला नसेल. पण मी दिवस मावळल्यावर जेवत नाही, आणि पाहुण्याला बसवून एकटी जेवत नाही." मग भाकरी, मुगाची आमटी आणि दुधीची भाजी. कांदा नाही, लसूण नाही. मला ते जेवण अगदी बेचव लागलं, हे पुढं कित्येक वर्षांनी मी तुम्हाला सांगितलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, तोंडावर दिसत होतं. दुसरी भाकरी वाढताना तुम्ही मला 'तू' म्हणायला लागला होतात. पण मी रागातच होतो. कागद पिशवीत घालून निघून आलो, आणि पुढं काही महिने तुम्हाला फोन केला नाही.

संपादक लेखकाच्या दारी येतो हे मी कुठं ऐकलेलं नाही. तुम्ही आलात. कुंडलला, भर उन्हाळ्यात, एसटीनं. मी सुट्टीला घरी होतो. दारात तुम्ही उभ्या, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली. अम्मा दुकानातून उठून आली. दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची पडवी. तिथं ती गावातल्या बायकांच्या हातात बांगड्या भरते. अब्बा सायकलवर बांगड्यांची पेटी बांधून बाजार करायचे आणि अम्मा पडवी सांभाळायची. माझ्या कादंबरीत यातलं काही नव्हतं. त्यातली आई नुसती त्याग करत होती. कशाचा, ते मी लिहिलं नव्हतं.

मी तुमची ओळख करून दिली. अम्मा मला म्हणाली, "बाई कू पानी दिया क्या रे? जा, तू भार बैठ." आणि लगेच तुमच्याकडं वळून, "या बाई, बसा की. उन्हाचं आलाय." एका दमात दोन भाषा. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

अम्मानं सवयीनं तुमचा हात हातात घेतला असणार, कारण तिनं विचारलं, "हात का मोकळा हो बाई?"

"मालक गेले माझे."

"कवा?"

"लय वर्षं झाली. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा."

 मग अम्मा म्हणाली, "सासू-सासरं हायती?"

"नाहीत आता."

"मग आता कुणाला इचारायचं हाय?"

मी कट्ट्यावरून उठलो. मला वाटलं, तुम्ही दुखावणार, अपमान वाटून घेणार. आत डोकावलं तर अम्मा तुमच्या हाताचा पंजा दाबून मऊ करत होती, आणि तुम्ही जमिनीकडं बघत बसला होतात. अम्मानं मोरपंखी काचेच्या बांगड्या काढल्या. तुम्ही हात मागं घेतला नाहीत. भरून झाल्यावर तुम्ही हात वर करून एकदा हलवलात, आवाज ऐकलात आणि हसलात. मी तुम्हाला तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं. नंतरही क्वचितच पाहिलं.

संध्याकाळी तुम्हाला स्टँडवर सोडायला आलो. वाटेत तुम्ही कादंबरीबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. गाडी लागली तेव्हा पायरीवर उभ्या राहून म्हणालात, "तुझी आई कुणाशी काय बोलते आणि कुठल्या भाषेत बोलते, त्याला हिशोब आहे. तो तुला माहीत आहे. मला माहीत नाही. म्हणून तू लिही."

मी लिहिलं. पहिली कादंबरी टाकून दिली आणि बांगड्यांच्या पडवीची लिहिली. तीच छापली. तिच्यात अम्मा घरात दखनी बोलते, दारात मराठी, आणि फार राग आला की काहीच बोलत नाही. कुणी हसलं की नाही मला माहीत नाही. हसलं असेल तर योग्य ठिकाणी हसलं असेल.

पुस्तक आल्यावर साताऱ्याला कार्यक्रम झाला, आठवतो? तुम्ही शेवटच्या रांगेत बसला होतात. संपल्यावर चहाच्या वेळी एक गृहस्थ माझ्याजवळ आले. भले गृहस्थ, कोट घातलेले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, तुम्ही मुस्लिम असूनही तुमचं मराठी किती छान आहे हो. मला असल्या वेळी काय करावं ते सुचत नाही. हसतो आणि आभार मानतो, आणि मग चार दिवस जळत राहतो. त्या दिवशीही हसायला लागलो होतो. तुम्ही मागून आलात, हातात बशी. शांतपणे म्हणालात, "छान कुठलं? वाईटच आहे. मी वर्षभर राबलेय त्याच्यावर. तुमचं कसं काय सुधारलं?" ते गृहस्थ ओशाळून हसले आणि बिस्किट घ्यायला गेले. तुम्ही मला म्हणालात, चहा थंड होतोय. त्या प्रसंगावर आपण नंतर कधी बोललो नाही. मी आभार मानले नाहीत. आत्ता मानतो.

आपलं एक भांडण मात्र वर्षानुवर्षं चाललं. अब्बा एकदा पलूसच्या बाजाराहून येताना सायकलसकट कॅनॉलमध्ये पडले. त्यांना लागलं नाही, पण पेटीतल्या सगळ्या बांगड्या फुटल्या. सणाचा माल होता तो. मी त्याचं एक प्रकरण लिहिलं होतं आणि मला ते पुस्तकातलं सगळ्यांत चांगलं वाटत होतं. तुम्ही ते काढलंत. प्रकरण चांगलं आहे, पण दुसऱ्या पुस्तकातलं आहे, असं म्हणालात. मी म्हणालो, दुसरं पुस्तक आहे कुठं? तुम्ही म्हणालात, ते मला काय माहीत. दर वर्षी दिवाळीच्या आसपास मी तो विषय काढायचो आणि तुम्ही दर वर्षी तेच उत्तर द्यायचात. मला खरोखर राग यायचा. तुम्हाला येत नव्हता, त्याचा जास्त यायचा.

मग दुसरं पुस्तक सुरू झालंच, अब्बांवरचं. तोवर तुमचे डोळे गेले होते. पूर्ण नाही, पण अक्षर दिसेना. प्रकाशकाचं काम तुम्ही सोडलं. मला फोन करून सांगितलंत की आता पुढचं कुणाकडं तरी दे. मी म्हणालो, मी वाचून दाखवतो. तुम्ही म्हणालात, कानानं संपादन होत नाही. पण चार दिवसांनी तुमचाच फोन, ये म्हणून.

मग माझं ते चक्र सुरू झालं. शनिवारी शिरवळहून निघायचं, रात्री कुंडलला अम्माजवळ झोपायचं, रविवारी सकाळी माधवनगर. मी वाचायचो, तुम्ही खुर्चीत डोळे मिटून बसायचात. जिथं काही खटकेल तिथं तुम्ही नुसतं 'हं' म्हणायचात. पसंतीचा 'हं' वेगळा आणि नापसंतीचा वेगळा. तो फरक कळायला मला बराच काळ लागला. एकदा मी एक लांब उतारा वाचला आणि तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. मी घाबरून बघितलं तर तुम्हाला झोप लागली होती. उठवल्यावर म्हणालात, "मग? तिथंच वाचकालाही लागणार."

त्यात एक रमजानचा रविवार आला. मला रोजा होता. तुम्ही सकाळपासून पाणी विचारलं नाहीत, मला कळलं की पद्मानं सांगितलंय. दुपार सरली तशी पद्मानं तुम्हाला जेवायला वाढलं, दिवस मावळायच्या आत. तुम्ही पाहुण्याला बसवून एकटं न जेवणाऱ्या, तरी त्या दिवशी जेवलात. माझी परवानगी मागितलीत, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मग तुम्ही पद्माला फळं कापून झाकून ठेवायला लावलीत, खजूर आणायला लावलात. तुमचं खाणं-पिणं त्या दिवसापुरतं संपलं होतं आणि माझं सुरू व्हायचं होतं. मधला तो थोडा वेळ आपण दोघं खिडकीशी बसलो. मी वाचणं थांबवलं होतं. तुम्ही विचारलंत, भूक लागली की लिहायला सुचतं का? मी म्हणालो, भूक लागली की भूकच सुचते. तुम्ही म्हणालात, आमच्या मुनिमहाराजांनाही हे विचारायला पाहिजे. अजान झाली तेव्हा तुम्ही स्वतः उठून, भिंतीला धरत, ते ताट माझ्यासमोर आणून ठेवलंत. दिसत नव्हतं, तरी एक फोडही खाली पडली नाही.

आजार कळला तो त्याच वर्षी. पोटातला. पद्मा तुम्हाला पुण्याला न्यायच्या मागं लागली. तुम्ही नको म्हणालात. या वयात पोट फाडून घेऊन आणखी काही महिने कशाला, असं तुमचं म्हणणं. पद्मा मला जिन्यात अडवून म्हणाली, तुमचं ऐकतील, तुम्ही सांगा. मी आत आलो, खुर्ची तुमच्याजवळ ओढली आणि सुरुवात केली. म्हणालो, अक्का, विज्ञान खूप पुढं गेलंय, आपण आशा सोडता कामा नये.

तुम्ही मला पुरं बोलू दिलं नाहीत. "हे वाक्य तुझं नाही. काढ."

मी काढलं. पुन्हा तो विषय मी बोललो नाही. खूप दिवस मला वाटत राहिलं की मी रेटून धरायला हवं होतं, भांडायला हवं होतं. एवढ्यातेवढ्यावर तुमच्याशी भांडणारा मी, नेमका तिथंच गप्प बसलो. पण पद्मानं परवा सांगितलं की शेवटच्या आठवड्यात तुम्ही तिला म्हणालात, "पुण्याला नेलं नाहीस ते बरं केलंस." तेव्हा ते ओझंही उतरलं.

आणि ते दुसरं ओझं. तुम्ही एकदा सहज म्हणून गेला होतात की तुझं हे पुस्तक झालं की मी मोकळी. ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मी थोडी पानं आणायला लागलो. मग आणखी थोडी. मग झालेलीच पानं पुन्हा लिहायला लागलो, इथला शब्द तिथं. मनात कुठंतरी होतं की पुस्तक संपलं नाही तर तुम्हीही संपणार नाही. एवढा शहाणा माणूस मी, मशीनच्या सुट्या भागात चीर शोधणारा, पण मनात हेच धरून बसलो होतो. तुम्ही दोन-तीन रविवार ऐकून घेतलंत. त्या दिवशी तुम्ही पलंगावर होतात, उशा लावून. मी वाचत होतो आणि तुम्ही हात वर केलात.

"सलीम, ही गेल्या वेळचीच पानं आहेत."

"बसत नव्हतं अजून."

"बसलं होतं."

 तुम्ही हात पुढं करून माझं मनगट शोधलंत.

"मला धरून ठेवायला पुस्तक वापरू नको. मला जायचंय. तुला बी पुढं जायचंय."

मी जिना उतरून खाली नळापाशी गेलो. तोंड धुतलं, बराच वेळ धूत राहिलो. वर आलो तेव्हा तुम्ही पद्माला चहा टाकायला सांगितला होता. त्यानंतर मी रजा टाकली आणि महिनाभरात पुस्तक पुरं केलं. तुमच्या त्या बोलण्याचं मला खूप वाईट वाटायला पाहिजे होतं. पण त्या दिवशी घरी जाताना मी एसटीत झोपलो, लहान पोरासारखा. कितीतरी महिन्यांनी तशी झोप लागली होती.

शेवटचं प्रकरण वाचलं तो रविवार. कॅनॉलचंच प्रकरण ते, नव्यानं लिहिलेलं, पुस्तकाच्या अखेरीला. मी वाचायला लागलो आणि पहिल्याच वाक्याला तुम्ही डोळे उघडलेत. म्हणालात, "मी म्हटलंच होतं. दुसऱ्या पुस्तकातलं आहे." एवढ्या वर्षांचं भांडण तुम्ही असं जिंकलंत, आणि मला हरण्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

प्रकरणाचा शेवट असा आहे की अब्बा भिजलेले घरी येतात. पेटी उघडतात. आत नुसत्या काचा. अम्मा पेटीकडं बघते, काही विचारत नाही आणि त्यांना जेवायला वाढते. त्यानंतर मी आणखी एक परिच्छेद लिहिला होता, माझा. मी आता कंपनीत काय काम करतो आणि हातात फुटका भाग आला की मला त्या पेटीतली काच कशी दिसते, असा. वाचून झाल्यावर तुम्ही डोळे मिटून पडला होतात. मला वाटलं, झोप लागली.

"शेवटचा परिच्छेद काढ," तुम्ही म्हणालात. "गोष्ट जेवणापाशी संपली. तू उगाच वाचकाला दारापर्यंत सोडायला निघालास."

मी म्हणालो, "आमच्यात सोडायला जातात पाहुण्याला. दारापर्यंत नाही, वेशीपर्यंत."

तुम्ही हसलात. हसल्यानं पोटात दुखलं, ते दिसलं. मग म्हणालात, "बरं. ठेव मग."

इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी 'ठेव मग' म्हणाला नव्हतात. मी घाबरलो. तुम्ही खरंच पटून म्हणालात, की वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं म्हणून? विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पद्मा औषध घेऊन आली आणि राहिलं. पुढच्या रविवारी तुम्ही बोलत नव्हतात. एवढं एकच आपल्यात विचारायचं राहून गेलं. बाकीचं बहुतेक सगळं आपण बोललो, भांडलो, मिटवलं. किती जणांना असं मिळतं?

पद्मानं शेवटच्या सकाळचं सांगितलं. ती तुमच्या कानाशी णमोकार मंत्र म्हणत होती. रडत म्हणत होती त्यामुळं एका ठिकाणी चुकली, आणि तुम्ही बोट उचललंत. तिनं पुन्हा नीट म्हटलं. तेव्हा तुम्ही बोट खाली ठेवलंत. नंतर श्वास सावकाश होत गेला. दुखलं नाही, ती म्हणाली. तिनं हे सांगितलं आणि आम्ही दोघं तुमच्या जिन्यात बसून हसलो आणि रडलो.

अम्माला मी नको म्हणत होतो, वय झालंय, गुडघे धरलेत. ती ऐकेना. कुंडलहून रिक्षा करून आली. माधवनगरच्या त्या गल्लीत बायका दाटल्या होत्या, त्यांनी तिला वाट दिली. काही जणी तिला ओळखत होत्या, बहुतेक नव्हत्या. ती तुमच्या उशाशी बसली. तुम्हाला माहीत आहे, अक्का, अम्मा घराबाहेर दखनी बोलत नाही. आयुष्यात बोलली नाही. माझ्या निकाहात व्याह्यांसमोरसुद्धा मराठी बोलली. तुमच्या कपाळावर हात ठेवून ती सगळ्यांदेखत म्हणाली, "जाव अक्का. भोत थक गये. आराम करो अब."

कुणीही हसलं नाही. पद्माच्या काकू तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या.

मी खांदा दिला. पद्माच्या भावानं आपणहून मला पुढं बोलावलं. नदीकाठी सगळं आटोपलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. परत आल्यावर आंघोळ करून घरच्या लोकांनी चार घास खाल्ले, दिवस होता तोवर. मलाही बसवलं. मुगाची आमटी होती. मला ती आवडायला लागून किती वर्षं झाली, ते काही आठवलं नाही.

प्रकाशकाचा परवा फोन आला. नवा संपादक मुलगा आहे, हुशार आहे, आदरानं बोलतो. पुस्तक छापायला जातंय, त्यानं विचारलं, शेवटचा परिच्छेद ठेवायचा का, थोडा जास्तीचा वाटतो. मी म्हणालो, ठेवा. त्यानं विचारलं, अक्कांनी पाहिलाय का? मी म्हणालो, पाहिलाय. त्या काढ म्हणाल्या होत्या, मग ठेव म्हणाल्या. तो गोंधळला. मी म्हणालो, चुकला असेल तर माझ्या नावावर. हे म्हणताना मला भीती वाटली नाही. तुम्ही नसताना पहिला निर्णय घेतला आणि रात्री जागून छताकडं बघायची वेळ आली नाही.

काल सुट्टी होती. जेवण झाल्यावर शबाना माहेरी गेली आणि मी कागद घेऊन बसलो. एक पान झालं, नव्या कशाचं तरी. काय आहे ते मलाही अजून माहीत नाही. सवयीनं मोठ्यानं वाचलं. मधे एका वाक्याला जीभ अडखळली. तिथं तुम्ही 'हं' म्हणाला असतात, तो नापसंतीचा. मी थांबलो. खोलीत काही आवाज आला नाही. रस्त्यावरून कंपनीची बस गेली. मला वाटलं, आता भरून येईल. आलं नाही. उलट बरं वाटलं, अक्का. कारण अडखळलो ते तुमच्यामुळं नाही. माझं मला कळलं होतं.

वाक्य काढलं. पान तसं बरं झालंय.